पातळी

कुरखेड्याला अ‍ॅडमिशनची पावती मिळाली,
तिच्या पाठीवर बाबूनं लिहून दिलं:
मंगळवार साडेदहा, पातळी चाचणी, निळं पेन आणणे.

पातळी मला ठाऊक ती सतीनदीची,
पुलाच्या खांबावर पांढरे आकडे.
वरचा आकडा बुडाला की बस येत नाही.

डोंगरवार सर म्हणाले, ही काही परीक्षा नाही,
कोणाला कुठे बसवायचं, एवढंच बघतो आम्ही.
आणि दार लावून घेतलं.

गणित वीस मिनिटांत संपलं.
सत्तर पानांचा एक पुडका;
तेंदूच्या फळीवर तीन उन्हाळे
अख्ख्या गावाचा हिशेब मीच लिहिला.

मग इंग्रजी.
आमचे इंग्रजीचे सर मी नववीत असताना
बदलून गेले ते गेलेच.
कागदावर वर छापलेलं:
रिकाम्या जागा भरा.

शुक्रवारी यादी लागली.
वनश्री कोवे. गणित अ, इंग्रजी क.
क म्हणजे सकाळी आठचा जादा तास,
आठसाठी सहाची बस,
आणि सहाची आमच्या फाट्यावर थांबतच नाही.

ऑफिसात सांगितलं.
बाबू मान वर न करता म्हणाला,
त्याचा अर्ज वेगळा असते.

द्या, म्हटलं.
निळं पेन होतंच जवळ.