रिकामे रकाने कसे दाखवावेत?

आधी स्लाइडचं माप बदललं:
रुंदी चौऱ्याऐंशी सेंटिमीटर, उंची एकशे एकोणीस.
सॉफ्टवेअरने विचारलं, मजकूर ताणू की मावेल तसा बसवू?
म्हटलं, बसव बाई कसाही,
वेइकोचं छपाईचं दुकान शुक्रवारी चारला बंद होतं
आणि आज शुक्रवारच आहे.

अख्खा कागद पडद्यावर दिसायचा तर बावीस टक्के.
बावीस टक्क्यांत अक्षरं मुंग्यांएवढी,
शंभर टक्क्यांत एकच शब्द: गोठण.

तुलिक्की, माझी मार्गदर्शक, मागे येऊन उभी राहते
आणि खोडते.
प्रस्तावना निम्मी. पद्धत चार ओळींत.
"लोक हातात कॉफी घेऊन उभे असतात, रिस्तेन,
दोन मीटरवरून कळलं पाहिजे."
म्हणून गेलं सगळं.
स्कीखाली बर्फाचा आवाज कसा बदलत जातो, ते गेलं.
पत्रांची कातडी पिशवी गेली.
वहीची पानं गेली, ज्यांना अजून डांबराचा वास येतो.

उरला एक आलेख, निळा:
गावासमोरचं सरोवर कोणत्या तारखेला गोठलं,
एकेचाळीस हिवाळे.
नोंदी: सामल मत्तुस, पोस्टमन, निवृत्त.

त्याने काही शास्त्रासाठी लिहिलं नव्हतं.
बर्फ धरलं की पलीकडची तीन घरं
नऊ किलोमीटरनी जवळ यायची, एवढंच.
दरवर्षी तारीख, आणि पुढे तेच तीन शब्द:
आज सरळ गेलो.

एकोणीसशे अठ्ठ्याहत्तरचं पान कोरं.

आलेखावर उजवी क्लिक केली की एक खिडकी उघडते
आणि सभ्यपणे विचारते,
रिकामे रकाने कसे दाखवावेत?
फट ठेवून. शून्य धरून. रेघेने जोडून.
शेजारी तीन गोल ठिपके.

शून्य धरलं तर रेघ थेट तळाला जाते,
म्हणजे सरोवर एक ऑक्टोबरलाच गोठलं. साफ खोटं.
जोडलं तर सत्त्याहत्तरवरून एकोणऐंशीवर
ती अशी अलगद उतरते
की खाली पाणी होतं हे कळूही नये.

सामलला फोन केला.
आधी जेवलीस का, मग ओउलूत थंडी किती,
मग त्याच्या गुडघ्याचं.
मग मी विचारलं.
मागे रेडिओ चालू होता, हवामानाचा अंदाज,
तो संपेपर्यंत काही बोलला नाही.
"त्या वर्षी मी सरोवराकडे बघितलं नाही.
टपाल रस्त्याने नेलं, अख्खा हिवाळा."
आणि जरा थांबून,
"तुझ्या कागदाला भोक पडलं का त्याने?"
मी म्हटलं, नाही.

ही गोष्ट गावात सगळ्यांना ठाऊक आहे,
म्हणून कुणी कुणाला सांगत नाही.
चर्चमागच्या दगडावर आहे तेवढंच:
नीलो मत्तुस, वय एकोणीस,
आणि एक नोव्हेंबर महिना.

तुलिक्की म्हणाली, तुटक रेघेने जोड, खाली तळटीप दे,
सगळे तसंच करतात.
चुकीचं नव्हती सांगत.
मी तळटीप लिहिली: १९७८, निरीक्षण नाही.
अक्षरं चौदाची. मग अठराची. मग परत चौदाची.
निरीक्षण नाही. शब्दाला शब्द खरं होतं ते.
मग पहिला गोल ठिपका दाबला.

साडेतीनला वेइकोने कागद टेबलावर पसरला,
पांढरा हातमोजा घालून निळ्या रेघेवरून बोट नेलं
आणि मध्येच थांबला.
"इथे शाई सुटलीय. आमची चूक.
दुसरा फुकट काढून देतो."
मशीनकडे वळलासुद्धा.

नको, मी म्हटलं. ते तसंच आहे.

चष्मा कपाळावर सरकवून तो जवळ वाकला,
खालची बारीक ओळ वाचली,
आणि काही न विचारता पोस्टर गुंडाळू लागला,
नेहमीपेक्षा जरा सैल.