नाळ

बोट दोन दिवस उशिरा लागली लिकोमा बेटाला.
वोंगानी उतरली, बगलेत रबरी बाळ.
आंब्याखाली बाकं मांडली,
शेजारी उसिपा मासे वाळत होते, वास वर्गभर.

"नाळ लगेच कापायची नाही," ती म्हणाली,
"तिचं उडणं थांबू द्या.
तेवढं रक्त बाळाचंच."

एनेलेसने चष्मा पुसला.
एकतीस वर्षं चटकन कापत आली होती,
चपळ हाताची म्हणून नावाजलेली.
मनात मोजदाद सुरू झाली.
समोर उभी वोंगानीही
त्यातलीच एक.
मोजणं तिथंच सोडलं.

रात्री तीनला, सोलर दिव्याच्या उजेडात
एक मुलगी आली, ओली, चिडलेली.
कात्री ट्रेमध्येच राहिली.
एनेलेसची दोन बोटं नाळेवर:
ठक्. ठक्.
काळोखात कुणी होडी वल्हवत
लांब लांब जावं तसं.
आई विचारत होती, काय झालं?
काही नाही. थांबलेय.

परवान्याच्या नोंदवहीत रकाने:
तारीख, तास, गुण, सही.
काय शिकलात? याच्यापुढे
तिने आधी लिहिलं, नाळ.
मग खोडलं.
पेन तोंडात धरून बसली बराच वेळ,
आणि लिहिलं:
हात आवरायला.