राखण

यमकनमर्डीच्या माळावर
लगमाण्णाच्या कुत्रीला तीन पिल्लं झाली.
बाप कोण, ते माळाला ठाऊक.
एक मी मागितलं, शेताच्या राखणीला.

"न्हे की," तो म्हणाला. "पण ह्ये
हाक मारल्यावर नुसतं बघतंय.
मेंढरं मोजतंय रोज,
कुणासाठी, ते मला अजून कळंना."

मराठीत बोलावलं.
मग कन्नडात: बा, इल्ली बा.
एक कान वळला,
दुसरा डोंगराकडंच.

सहा महिने चोर आला नाही,
शेजारच्या तीन कोंबड्या गेल्या,
आणि रात्रभर बांधावर मी,
बॅटरी घेऊन,
राखणदाराची राखण करत.

परत दिलं तेव्हा लगमाण्णा हसला नाही.
चहा ठेवला.

पट्टा खुंटीला आहे.
नव्या कुत्र्याच्या गळ्यात ढिला पडतो,
ते शेपूट हलवतं.