पासंग

झोन ऑफिसातून कागद आलाय.
रकाना तेरावा: वर्गातील टॅबलेटची उपयुक्तता.
होय किंवा नाही, एकावर खूण करा.
शनिवारी दुपारी बारापर्यंत.

माझी चौथी ब,
पाचपावलीत, पुलाच्या सावलीला टेकलेली.
पोरं सदतीस. टॅब बावीस, त्यातले चालू एकोणीस.
चार्जिंगचा बोर्ड एकच, हेडसरांच्या खोलीत,
कूलरचा प्लग काढल्याशिवाय न मिळणारा,
आणि मार्च लागल्यावर
तो प्लग काढायला सांगायचा कोणी?

मार्चच्या शेवटच्या आठवड्यात सकाळची शाळा,
तरी साडेदहालाच पत्रे तापले.
पडद्यांवर एकेक करून उमटलं:
यंत्र गरम झाले आहे, थंड जागी ठेवा.
ठेवले. माठाशेजारी, रांगेनं, जपून.
पोट्ट्यांच्या कपाळावर असं काही उमटत नाही.
ते नुसते गप्प होतात.
हे कुठल्या रकान्यात लिहू?

तक्षशिला मेश्राम मोठ्यानं वाचायला बसली.
"मले," ती म्हणाली. लाल फुली.
पुन्हा "मले". पुन्हा फुली.
मी घाबरले, आता ही मिटून घेणार.
तिनं टॅब उलटा करून पाहिला, सुलटा केला,
"बाई, याले आपलं येत नाही काय?
जाऊ द्या, नवा हाय. शिकन हळूहळू."
मी हसले,
आणि हसता हसता आठवलं
की गेल्या वर्षीपर्यंत ती फुली माझ्या पेनाची होती.
माझ्याविषयी कोणी म्हटलं नाही, शिकन म्हणून.

आणि खुशाल हेडाऊ, ज्याची जीभ अडते,
जो फळ्यापाशी कधी उभा राहिला नाही,
हजेरीलाही नुसता हात वर करतो,
तो जिन्याखाली बसला टॅबला तोंड लावून.
धडा रेकॉर्ड केला. पुसला.
केला. पुसला.
चौदा वेळा, मी दाराआडून मोजलं.
पंधराव्यांदा त्यानं मला हाक न मारता बोलावलं,
पदर ओढून,
आणि ऐकवलं.
"प-पाखरू" तेवढं एका फांदीला अडकलेलं,
बाकी सारं उडालं.
मी थांबले असते का चौदा वेळा?
खरं सांगते, चौथ्या वेळी
"छान, बस आता" म्हणून घड्याळ पाहिलं असतं.

म्हणून काल वजनाच्या तासाला
तराजूच काढला साहित्यपेटीतून.
एका बाजूला टॅब ठेवायचा,
दुसऱ्या बाजूला पाटी, पुस्तक, खडूचा डबा,
काय भरेल ते.
पोरं टेबलाभोवती, इकराचा निम्मा जीव काट्यावर.
तेवढ्यात मागून नयन बावनकर:
"थांबा बाई! आधी रिकामा तोला.
माहे बाबा कळमन्यात संत्री तोलतात,
ते पयले पासंग पायतात."

रिकामा धरला.
डावं पारडं आपसूक खाली गेलं.
कोणी काही ठेवलं नव्हतं त्यात.
नयननं उजव्या पारड्यात खडू टाकला. हललं नाही फारसं.
मग एक मोडून अर्धा टाकला,
आणि काटा उभा राहिला.
दीड खडू.
इतकी वर्षं मी याच तराजूनं
ग्रॅम आणि किलो शिकवत आले.

तेराव्या रकान्यात खूण केली नाही.
"मागे पाहावे" लिहिलं, आणि मागे हे:

महोदय,
तोलणारीच्या हातात दीड खडूचा पासंग आहे,
तेवढा वजा करून वाचावे.
गरम होतात. मले ओळखत नाहीत.
कंटाळत नाहीत.
यातलं कुठलं जड, ते मला अजून नीटसं कळलेलं नाही.
खुशालसाठी एक राहू द्यावा, बाकीच्यांचं बघू.
आणि जमल्यास एक बोर्ड पाठवावा,
तीन पिनांचा,
वर्गात लावायला.