पाठीकडून

मी बायकांना पाठीवरून ओळखते.
समोर डॉक्टर असतात, सिस्टर असते,
नवरा आत आलाच तर त्याचा घामेजलेला हात.
मी मागे, हातमोज्यांत, मणके मोजत.

हर्षला तांडेल, सव्वीस, पहिलटकरीण,
वरळी कोळीवाडा.
रात्री अकराला चार सेंटिमीटर,
आणि पलंगाची कड तिने अशी धरलेली
की बांगडी वाकली.
"पोटात नाय हो, सगळं पाठीत दुखतं."
ऐकलं आम्ही. कागदावर लिहिलंही.

म्हटलं, कोलंबीसारखी वाक,
गुडघे पोटाशी, हनुवटी छातीला.
तेवढ्यातही हसली.
"दिवसाला चार किलो सोलते मी, डॉक्टर,
पाठीतला काळा दोरा ओढून काढते.
तुमी काय करनार?"
मी दोरा घालणार.

मग एक कळ आली, आणि ती हलली नाही.
लोक धैर्य धैर्य म्हणतात ते हेच असेल:
पाठीला सुई टेकलेली असताना
कळ अख्खी अंगावरून जाऊ देणं
आणि तसूभरही न सरकणं.
सिरिंजवरच्या अंगठ्याला एक भिंत लागत राहते,
लागत राहते,
आणि एकदम लागत नाही.
त्या रिकाम्या जागेत मी बारीक नळी सरकवली,
खांद्यापर्यंत चिकटपट्टी लावली.

वीस मिनिटांनी पायाला बर्फ लावला. गार लागतं?
बर्फाशी तिचा रोजचा व्यवहार, फसणार नव्हती.
"ओलं लागतं," म्हणाली. "गार नाय."
आणि झोपली. तोंड उघडं टाकून,
घोरत.

दोनला सात. तीनला सात.
साडेतीनलाही सातच.
बाळाने तोंड वर केलेलं, डोकं आईच्या कण्यावर दाबून,
आणि वळायला तयार नाही.
मग ठोके खाली आले, वर आले,
पुन्हा खाली आले तेव्हा कुणी बोललं नाही,
फक्त ट्रॉलीचा ब्रेक निघाल्याचा आवाज.

त्याच दोऱ्यातून मी कडक औषध सोडलं.
नवी सुई नाही, पूर्ण भूल नाही.
हिरव्या पडद्याअलीकडे ती जागी होती,
म्हणाली, "पाटीत हात घालून कोन तरी
तळाचा मासा शोधतंय."
चार बावीसला मुलगी. रागीट.

व्हरांड्यात पारूबाई, तिची सासू,
पायरीवर बसावं तशी जमिनीवर बसलेली.
"चार पोरं झाली मला. एकालाही सुई नाय.
हिने सुई घेतली, म्हणून पोट फाडलंत."

मी उभ्याने बोलणार होते. बसले.
म्हटलं, मावशी, शेवटच्या कळा देताना
सुईने कधी अर्धा-पाऊण तास जास्त लागतो, कधी चिमटा लावावा लागतो,
ते खरं, ते मी लपवत नाही.
पण पोट सुईमुळे उघडावं लागत नाही.
मोजलंय लोकांनी, हजारो बायकांवर.
जिचं बाळ आडमुठं, तिची पाठ आधी फुटते,
आणि जिची पाठ फुटते तीच मला हाक मारते.
मी अवघड वाटेवर भेटते, मावशी.
वाट मी अवघड करत नाही.

पारूबाई माझ्या बोटांकडे बघत होती.
"माझी तिसरी," म्हणाली, "अशीच होती. तोंड वर.
दोन रात्री."
पुढे बोलली नाही.
मी विचारलं नाही की ती चार पोरांत धरली
की चारच्या बाहेर.

दुसऱ्या दिवशी राउंडला गेले.
हर्षलाने मला ओळखलं नाही,
कशी ओळखणार, मी तिच्या मागे होते.
पारूबाई मांडीवर नात घेऊन तिला काहीतरी सांगत होती,
मला बघून गप्प झाली, पदराने खुर्ची पुसली.

"कूस बदल," मी म्हटलं, "पाठ बघू दे."
आवाज ऐकला आणि वळता वळता ती थांबली.
"तुमी होय," म्हणाली.
"दोरा काढलात ना पुरा?"

पट्टीखाली एक लाल ठिपका.
टाचणीच्या डोक्याएवढाही नाही.