सुटे पैसे

आमच्या वर्गात शेगडी होती, आणि शेगडीला भूक होती.
प्रत्येकाने घरून एक शेणी आणायची.
विसरलास, तर खिडकीजवळ बस.
त्या हिवाळ्यात खिडकीला काच नव्हती,
तिथे नकाशा ठोकलेला,
दोन वर्षांपूर्वी संपलेल्या देशाचा.
वारा सुटला की त्यातले समुद्र फुगायचे.

मोल्दोकुल अगाई त्याच नकाशावर भूगोल शिकवायचे,
कानटोपी न काढता.
"ही नारिन. पाणी आपल्या डोंगराचं,
शेतं भिजवते दुसऱ्यांची.
तिच्यावर रागावू नका, तिला उतार माहीत आहे फक्त."
एकदा पगार म्हणून त्यांना मेंढी मिळाली.
ती शाळेमागे बांधून ते तासाला आले,
हजेरी सुरू केली,
आणि कुबान गैरहजर होता तेव्हा
मेंढीच ओरडली बाहेरून.
अगाईंनी तिची हजेरी लावली.

पण मला सांगायचंय ते तुरसुनकान एजेकेंबद्दल.
त्या गणित शिकवायच्या.
खडू संपला की कोळशाने, भिंतीवर.
चुकलं तर ओरडायच्या नाहीत.
कोळसा आपल्या हातात द्यायच्या
आणि दाराला टेकून उभ्या राहायच्या,
आपली चूक आपल्याला सापडेपर्यंत.
मला एकदा अख्खा तास लागला.
घंटा झाली. कुणी उठलं नाही.
शेगडीतली शेवटची शेणी ढासळली तेव्हा
मला दिसलं, हातचा एक
मी घ्यायचाच राहिलो होतो.

रविवारी गुरांच्या बाजारात
त्या पालथ्या खोक्यावर बसलेल्या दिसल्या,
सूर्यफुलाच्या बिया विकत,
पेल्याने मापून, वर बोट फिरवून.
मी बाबांच्या कोटामागे लपलो.
लाज मला वाटली, त्यांना नाही.
की त्यांनाही वाटली असेल,
आणि रुमालाच्या गाठीत
चिल्लरीबरोबर बांधून ठेवली असेल?
"सागिन, पुढे ये. सतरा चोक?"
"अडुसष्ट."
त्यांनी पुडी भरली. पैसे घेतले, पुरते.
पुडीचा कागद जुन्या परीक्षेचा,
तांबड्या शाईत कुणाला तरी पाचपैकी दोन.
जिथे नाव असतं
तेवढा कोपरा फाडून टाकलेला.

बिया मी वाटेतच संपवल्या.
त्या कोपऱ्याचं मात्र पुढे फार दिवस आठवत राहिलं.
इतकी पोरं, इतके पेपर,
रात्री दिव्याशी बसून
एकेक नाव फाडलं असेल त्यांनी.

तीस वर्षं होत आली. आता मी बिश्केकमध्ये वडाप चालवतो.
भाडं मागच्या सीटवरून हातोहात पुढे येतं,
सुटे तसेच मागे जातात.
परवा ओश बाजारच्या थांब्यावर गर्दीत
पन्नासची नोट आली, घडी नीट चौकोनी.
आरशात राखाडी शाल दिसली,
शालीतून वर आलेलं एक बोट,
माणसं मोजत असल्यासारखं.

भाडं पंधरा. परत पस्तीस.
मी अडतीस दिले.
मुद्दाम.
तीन सोमचं नाणं वर ठेवलं
आणि आरशाकडे न बघता गिअर टाकला.

नाणं गेलं: विद्यार्थ्याचा हात, दस्तान्यातला हात,
कडेवरच्या बाळाने मधेच पकडलेला हात.
एक सिग्नल गेला.
मग त्याच वाटेने, बाळासकट,
ते परत आलं
इतक्या तळव्यांनी ऊन झालेलं.
मागून आवाज आला, फार मोठा नाही:
"ड्रायव्हर, पुन्हा मोज."

मी मोजलं नाही. पस्तीस म्हणालो
उगाच, मोठ्याने, वर्गात म्हणतात तसं.
गाडीत दोघेजण हसले.

पुढच्या थांब्यावर शाल उतरली.
कोण होत्या, मी विचारलं नाही;
दाराशी त्या क्षणभर थांबल्या, मला वाटतं,
की पायरी उंच होती म्हणून.
मागचा हॉर्न वाजवत होता.
नाणं अजून डॅशबोर्डवर आहे,
वळणावर घरंगळतं,
आणि मी गाडी जरा हळू घेतो.