शेरा

सकाळचे साडेनऊ. आतल्या समुद्राच्या काठचं बंदर,
त्सुरु-यु नावाचं न्हाणीघर. गिऱ्हाईक दुपारनंतर.
आत्ता फक्त मी, बायकांच्या बाजूला,
मोजे भिजलेले, हातात सात पानी तक्ता.

घर पाहावं बांधून, असं म्हणतात.
माझ्या वाट्याला आलं ते मोजून पाहणं.
धुराडं: सतरा मीटर वीस, किंचित पाण्याकडे कललेलं.
चपलांचे कप्पे अठ्ठेचाळीस, लाकडी किल्ल्या एकेचाळीस.
(उरलेल्या सात कोणाच्या फडताळात पडल्यात,
हे ‘सद्यस्थिती’च्या रकान्यात बसत नाही.)
उंबऱ्याच्या दगडाला खळगा, अकरा मिलिमीटर.
अनवाणी टाचांनी. दुसरं काही त्यावरून गेलेलं नाही.

मधली भिंत छतापर्यंत जात नाही.
पलीकडे पुरुषांचा हौद, आणि रिकाम्या हौदात
कुवाबारा, वय चौऱ्याहत्तर, ब्रशनं घासताहेत.
मी विचारते. उत्तर वरून येतं,
ओलं, थोडं उशिरा.

बांधकामाचं साल?
“बाप सांगत होता तेव्हा मी ऐकत नव्हतो.”
फरशी मूळची?
“बदलली, तुफानाच्या वर्षी. मग परत बदलली.
नवी फार गुळगुळीत होती, हामासाकीची बायको पडली.”

भिंतीवरच्या चित्रात इथलीच खाडी आहे
आणि कधीच बंद झालेली एक फेरीबोट.
कोपऱ्यात पोपडा निघालाय. त्याखाली तीच बोट, पण लाल,
तिच्याखाली पिवळी, तिच्याखाली नुसता डोंगर.
दर काही वर्षांनी रंगारी यायचा, वरूनच रंगवायचा.
तक्ता विचारतो: कोणत्या काळातलं?
मी नख लावून पाहिलं. लावायचं नसतं.

मग नियम वाचून दाखवले.
पन्नास वर्षं झालेली हवीत, आणि यांतलं एक तरी:
परिसराच्या देखाव्यात भर घालणारी,
घडणीचा नमुना ठरणारी,
किंवा पुन्हा तशीच करणं सोपं नाही अशी.
ब्रश थांबला.
“पुन्हा करणं सोपं नाही?
पहाटे चारला उठून भट्टीत ओंडके लोटले, बाई,
पंचावन्न वर्षं. सोपं नव्हतं.
पण पुन्हा तर रोज झालं.”

मी तोवर तिन्ही नियमांपुढे ‘होय’ लिहून बसले होते.

“गुण कमी द्या,” ते म्हणाले.
“गाड्या लावायला जागा हवीय एकाला, भाव बरा देतो.
नोंद झाली की लोक फोटो काढायला येतील.
आंघोळीला कोण येतं?”
मी म्हटलं, मालकाच्या संमतीशिवाय नोंद होत नाही.
तुम्ही नुसतं नाही म्हणा.
बराच वेळ नळ गळत राहिला.
“मला गावात राहायचंय. नाही म्हणणं जमत नाही.
तुम्ही बाहेरच्या. तुम्ही म्हणा.”

याच भिंतीवरून नवरे बायकांना
साबण फेकायचे म्हणे. एका घराला एकच वडी.
आज वरून आला तो शिक्का:
शिंगाचा, बोटाएवढा, कुवाबारा घराण्याचा.
माझ्या बाजूच्या कोरड्या हौदात आपटला,
घरंगळत मोरीच्या जाळीपाशी थांबला.
“जिथं उठवायचा तिथं उठवा,” पलीकडून.

शिक्का गरम होता. खिशातला असावा.
तक्त्यावर त्याच्यासाठी एक वर्तुळ छापलेलं,
बरोब्बर त्याच मापाचं.

मी तो परत फेकला.
पलीकडे टणक आवाज, मग घरंगळणं, मग काही नाही.
उचलला की नाही, इकडून कळत नाही.

जरा वेळानं ब्रश पुन्हा सुरू झाला.
सातव्या पानावर शेऱ्यासाठी दोन ओळी असतात.
मी लिहिलं:
मधली भिंत, उंची दोन मीटर दहा.
आवाज जातो.